आभा, ओटीपी आणि घरातला एकच नंबर: आपल्या तब्येतीच्या नोंदी नक्की कोणाच्या हातात?

कोपरीकर

ठाणे-नवी मुंबईतल्या मंडळींना विचारायचंय. तुमचं आभा खातं, म्हणजे तब्येतीच्या नोंदी जोडणारं सरकारी डिजिटल खातं, तुम्ही स्वतः उघडलंत, की नोंदणीच्या खिडकीवर कोणीतरी "आधार द्या, आलेला ओटीपी सांगा" म्हणत उघडून दिलं? आणि त्यात काय जमा होतंय, ते कोण बघू शकतं, हे कोणी समजावून सांगितलं का?

विचारते आहे ती बाबांच्या निमित्ताने. वय ७६, मधुमेह जुना, आता किडनीचंही सुरू झालंय. इतकी वर्षं ठाण्यातल्या एका रुग्णालयात दाखवत होतो, आता किडनीच्या डॉक्टरांकडे वाशीला जातो. या डॉक्टरांना हवंय ते अगदी साधं: गेल्या पाच-सहा वर्षांत क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते दाखवणारा रक्तातला आकडा) कसकसं वाढत गेलं. आजचा एक आकडा बघून त्यांना फारसं सांगता येत नाही. वाढ हळूहळू झाली की मध्येच एकदम, यावर पुढचं सगळं ठरतं. आमच्याकडचे निम्मे कागद गहाळ, आणि पावतीसारख्या गुळगुळीत कागदावर छापलेले रिपोर्ट तर पार कोरे पडलेत.

वाशीच्या रुग्णालयाने बाबांच्या आभा पत्त्यावर संमतीची विनंती पाठवली. ॲपमध्ये ती नीट उघडून वाचली. कोण मागतंय, कशासाठी, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतच्या नोंदी, कुठल्या प्रकारच्या, आणि ही परवानगी कधी संपणार, सगळं लिहिलेलं असतं. प्रकारांपुढच्या खुणा आधीच केलेल्या होत्या: प्रिस्क्रिप्शन, तपासणीचे रिपोर्ट, ओपीडीची टिपणं, डिस्चार्ज समरी, लसीकरण, झाडून सगळं. मी खुणा कमी करून रिपोर्ट आणि डिस्चार्ज समरी एवढंच ठेवलं, मुदत अलीकडे आणली आणि मंजूर केलं. ही सोय मला मनापासून आवडली. पूर्वी फाइल टेबलावर ठेवली की त्यातलं सगळंच समोरच्याचं व्हायचं.

पण दोन गोष्टी अडल्या. एक, ठाण्याच्या रुग्णालयातल्या जुन्या नोंदी आल्याच नाहीत. तिथे बाबांच्या नावापुढे माझ्या भावाचा जुना, आता बंद पडलेला नंबर आहे. दुसरी गोष्ट मला जास्त लागली. ही परवानगी दिली मी. खातं माझ्या नंबरवर, ओटीपी मला, पिन मला ठाऊक. बाबा शेजारीच बसले होते, डोकं पूर्ण शाबूत असलेला माणूस, आणि त्यांना काही विचारण्याची त्या सगळ्या व्यवस्थेत कुठे जागाच नव्हती. रुग्णाच्या हाती ताबा दिला म्हणतात, तो रुग्णाच्या हाती आहे की ज्याच्या हातात फोन आहे त्याच्या?

नौपाडा_सकाळ

ताई, हे म्हणजे पाच लाखांचं आयुष्मान कार्डच ना? आमच्या सोसायटीत शिबिरात सगळ्यांचं करून दिलं होतं.

कोपरीकर

नाही काका, दोन्ही वेगळं. आयुष्मान कार्ड म्हणजे उपचारांच्या खर्चाची योजना, आणि २०२४ पासून ७० आणि त्यावरच्या सगळ्यांना ती लागू आहे. आभा हा नुसता १४ आकडी क्रमांक, जोडीला ईमेलसारखा एक पत्ता. त्यावर पैसे मिळत नाहीत, नोंदी जोडल्या जातात. ते घेणं ऐच्छिक आहे. आभा नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. शिबिरात नेमकं काय काढून दिलं ते एकदा कार्ड बघून खात्री करा.

ऐरोली_नोड

याच प्रकारच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, म्हणून आतलं थोडं सांगतो. बहुतेकांना वाटतं की आभा काढलं की आपले सगळे रिपोर्ट दिल्लीत कुठेतरी एका कपाटात जाऊन पडतात. तसं नाही. आयुष्मान भारत डिजिटल मिशन (एबीडीएम) सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर लागू झालं, ते राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण चालवतं, आणि त्याची रचनाच अशी की नोंद जिथे तयार झाली तिथेच राहते: रुग्णालयात, लॅबमध्ये. मध्ये बसतो तो संमती व्यवस्थापक. वाशीच्या रुग्णालयाने मागितलं, तुम्ही हो म्हणालात, की त्या संमतीचा एक सही केलेला डिजिटल दस्त तयार होतो. तो ठाण्याच्या रुग्णालयाकडे जातो, आणि मग नोंदी कुलूपबंद होऊन थेट वाशीला पोचतात. मधल्याला मजकूर वाचता येत नाही.

त्या दस्तात हेतू असतो, तारखा असतात, आणि माहिती कधी पुसून टाकायची तेही असतं. परवानगी तुम्ही कधीही मागे घेऊ शकता. मात्र जे एकदा दिसलं ते दिसलं. समोरच्याने छापून फाइलला लावलं तर कुठलंही सॉफ्टवेअर तो कागद परत आणू शकत नाही.

जुन्या नोंदी का आल्या नाहीत त्याचं उत्तर तुम्हीच दिलंत. शोध घेताना नाव, लिंग, जन्मसाल आणि पडताळलेला मोबाइल नंबर जुळवून बघतात. नंबर वेगळा म्हणजे त्या यंत्रणेच्या लेखी माणूसच वेगळा. आधी तिथे नंबर बदलून घ्या. शिवाय त्या रुग्णालयाने जुन्या भेटी डिजिटल नोंदीत आणून जोडायला हव्यात. न जोडलेली भेट ॲपमध्ये दिसणारच नाही.

लॅबच्या_खिडकीतून

नेरूळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोंदणीवर बसते. नंबरचा विषय निघाला म्हणून लिहिते, कारण ही गोष्ट कुठल्याही ॲपमध्ये सुरू होत नाही, आमच्या खिडकीवर सुरू होते.

सकाळी सातला रांग लागते. सगळे उपाशीपोटी, कोणाला लोकल गाठायचीय, कोणाचं बाळ रडतंय. आम्ही विचारतो नाव, वय, कोणी पाठवलं, मोबाइल नंबर. आणि माणसं जो तोंडपाठ असेल तो नंबर सांगतात. आजी मुलाचा सांगतात, बायका नवऱ्याचा सांगतात. घरकाम करणाऱ्या बाया "मॅडमचा लिहा, माझा रिचार्ज संपलाय" म्हणतात. संध्याकाळी रिपोर्टची पीडीएफ आपोआप त्या नंबरच्या व्हॉट्सॲपवर जाते. म्हणजे त्या बाईची शुगर, हिमोग्लोबिन, कधी प्रेग्नन्सी टेस्टसुद्धा, तिच्या आधी मालकिणीला कळते. फॉर्मवर सही तिचीच असते. नियमाने बघाल तर कुठेच चूक सापडायची नाही.

कंपन्यांच्या वार्षिक तपासण्यांचं अजून वेगळंच. काही ठिकाणी सगळ्यांचे रिपोर्ट एकगठ्ठा एचआरच्या मेलवर मागतात. आमचे मुख्य डॉक्टर तसं देत नाहीत, ज्याचा त्याला देतात, एचआरला फक्त तपासणी झाल्याची यादी. त्यावरून एक मोठं काम हातचं गेलं, पण त्यांनी पद्धत बदलली नाही. एचआयव्हीचा रिपोर्ट तर आम्ही ज्याचा त्याच्या हातातच देतो.

हल्ली मी एक जादा प्रश्न विचारते: "रिपोर्ट याच नंबरवर गेलेला चालेल ना?" एवढ्या एका वाक्यावर लोक थांबतात. काही जण नंबर बदलतात. काही म्हणतात, नको, मी येऊन घेऊन जाईन. रांग थोडी लांबते, लांबू दे.

पामबीच

लॅबताई, तुमचा तो एक प्रश्न मला कोणी विचारला असता तर फार बरं झालं असतं.

मी २४ वर्षांची. लहानपणापासून एकाच रुग्णालयात आमची फाइल, त्यावर पप्पांचा नंबर. नोकरीला लागल्यावर एकदा एकटीच गेले, पाळीच्या तक्रारीसाठी. पीसीओएस (अंडाशयाशी संबंधित हार्मोनचा त्रास) निघालं, आणि त्यासाठी ज्या गोळ्या दिल्या त्या गर्भनिरोधक म्हणूनही वापरतात. खिडकीवरच्या माणसाने नावावरून जुनी फाइल काढली, नंबर तोच ठेवला, मला विचारलं नाही. प्रिस्क्रिप्शन पप्पांच्या फोनवर गेलं. पप्पांनी गोळीचं नाव गूगल केलं. पुढे घरात काय झालं असेल ते सांगायला नको. आई मध्ये पडली म्हणून निभावलं, पण पप्पांनी अजून तो विषय नीट बोलून मिटवलेला नाही.

मला कोणापासून काही लपवायचं नव्हतं. सांगायचं की नाही, कधी, कोणत्या शब्दांत, हे माझं मला ठरवायचं होतं. आता स्वतःच्या सिमवर आभा काढलंय. क्रमांक एक, पण पत्ते एकाहून जास्त ठेवता येतात, तेही केलंय. इथल्या सगळ्या मुलींना सांगते, अठरा पूर्ण झाली की बँकेतल्या खात्याबरोबर रुग्णालयातल्या फाइलवरचा नंबरही बदलून घ्या.

नौपाडा_सकाळ

बाळा, वडील म्हणून वाचताना गलबलून आलं. माझ्या दोन्ही मुलींच्या फाइलवर माझाच नंबर आहे. आजच त्यांच्याशी बोलतो.

वर्तकनगर_दवाखाना

फॅमिली डॉक्टर आहे, ठाण्यात तीसेक वर्षं दवाखाना. पामबीच, तुमच्याबाबतीत झालं ते अक्षम्य आहे आणि त्याला कुठलंही समर्थन नाही. पण नोंदी निवडून दाखवण्याबद्दल माझी एक काळजी आहे, ती मांडतो.

समजा, एखाद्याचं मानसोपचाराचं औषध चालू आहे, लिथियम. त्याने ते माझ्यापासून लपवलं, कारण तसली औषधं चालू आहेत म्हटलं की लोकांची नजर बदलते, हे मी जाणतो. त्याचं ब्लडप्रेशर वाढलंय म्हणून मी लघवी वाढवणारी गोळी लिहिली, गुडघा दुखतोय म्हणून वेदनाशामक दिलं. या दोन्हींनी लिथियम रक्तात साठतं. हात थरथरतात, तोल जातो, वेळेवर लक्षात आलं नाही तर किडनीवर आणि मेंदूवर जातं. माझ्यासमोर रिकामा रकाना होता, आणि रिकाम्या रकान्याचा अर्थ मी "औषध नाही" असा घेतला.

म्हणून निदान लपवा, कारण लपवा, डॉक्टरचं टिपण लपवा, पण चालू औषधांची यादी प्रत्येक डॉक्टरपुढे ठेवा, असं मी माझ्या रुग्णांना हात जोडून सांगतो.

आणि कोपरीकरताई, तुमच्या क्रिएटिनिनबद्दल. आमच्यासारखे दवाखाने कागदाचा फोटो काढून पीडीएफ चढवतात, वेळच तेवढा असतो. फोटोतून आलेख निघत नाही. लॅबने आकडा आकडा म्हणूनच पाठवला तर उपयोग.

ऐरोली_नोड

डॉक्टर, अगदी बरोबर. त्यासाठीच एफएचआयआर नावाचं मानक आहे. त्यात क्रिएटिनिन १.८ हे एकक आणि तारखेसकट स्वतंत्र नोंद म्हणून जातं, मग दोन वेगळ्या लॅबचे आकडे एका रेषेवर मांडता येतात. एबीडीएम त्याच मानकावर बांधलंय. पण मानक पीडीएफलाही आत येऊ देतं, त्यामुळे वरवर सगळं जोडलेलं दिसतं आणि आत फोटोच असतात.

औषधांच्या यादीचं म्हणाल तर अडचण खरी आहे. प्रिस्क्रिप्शन दाखवलं की त्यावरचं डॉक्टरचं नाव आणि विभागही दिसतो. लिथियमची चिठ्ठी मानसोपचारतज्ज्ञाचीच असणार, म्हणजे औषध दाखवून कारण झाकता येत नाही.

पामबीच

डॉक्टरकाका, पटतंय. तुम्ही कारणासकट सांगितलंत तसं कोणी समोर बसून सांगितलं तर मी आपणहून दाखवेन. हो म्हणणं किंवा नाही म्हणणं माझ्याकडे असावं आणि नाही म्हटलं तर काय होऊ शकतं हे मला समजावलेलं असावं, एवढंच.

पारसिक_डोंगर

मी या सगळ्याच्या विरोधात आहे आणि कारणं सांगतो. २०२१ मध्ये करोनाची लस आधार दाखवून घेतलेल्या कित्येकांचा हेल्थ आयडी आपोआप तयार झाला. प्रमाणपत्रावर तो क्रमांक छापून आला तेव्हा कळलं. ती कसली संमती? नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि देशातलं एवढं मोठं सरकारी रुग्णालय कित्येक दिवस कागदावर चालवावं लागलं. बाहेर बघा. अमेरिकेतल्या २३अँडमी या जनुक तपासणी कंपनीतून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख लोकांची माहिती फुटली, आणि २०२५ मध्ये कंपनीच दिवाळखोरीत गेली. पासवर्ड बदलता येतो, जनुकं कशी बदलणार? मी आभा काढून टाकलंय. ॲपमध्ये खातं बंद करायची आणि पुसायची सोय आहे.

कोर्टनाका

वकिली करते, ग्राहक आणि वैद्यकीय प्रकरणं बघते. पारसिक, तुमचा मुद्दा मोलाचा आहे, फक्त एक लक्षात घ्या. आभा पुसलं म्हणजे जोडणी तुटली. रुग्णालयातली, लॅबमधली तुमची मूळ नोंद जागच्या जागी आहे, आणि सायबर हल्ला होतो तो तिथेच. एम्सवरचा हल्ला रुग्णालयाच्याच सर्व्हरवर होता.

आता कायद्याचं. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने सांगितलं. त्यावर आधारलेला डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे १८ महिन्यांची मुदत आहे. त्यात तुमची माहिती काय ठेवलीय ते विचारण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा, पुसायला सांगण्याचा आणि तक्रारीचा हक्क आहे. सुरक्षेत कसूर झाली तर दंड २५० कोटींपर्यंत. जीवघेण्या तातडीच्या प्रसंगी उपचारासाठी संमतीवाचूनही माहिती वापरता येते, आणि ते योग्यच आहे.

कोपरीकरताई, त्यात एक तरतूद तुमच्या प्रश्नाच्या जवळची आहे: आपल्या पश्चात किंवा आपण अक्षम झालो तर हे हक्क कोणी वापरायचे, त्याचं नाव आपण आधीच नोंदवू शकतो. पण ती अक्षम झाल्यावरची गोष्ट. डोकं शाबूत असलेल्या वडिलांच्या जागी मुलीने हो म्हणावं, असं त्यात कुठेही नाही. मानसिक आरोग्याच्या नोंदींसाठी तर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा स्वतंत्र आहे. गोपनीयतेचा आणि स्वतःच्या नोंदी बघण्याचा, दोन्ही हक्क त्यात स्पष्ट लिहिलेत.

विटावा_पूल

विमा कंपनीने आभा मागितलं तर? जुनं काहीतरी काढून क्लेम नाकारतील ही भीती वाटते.

कोर्टनाका

क्लेमच्या वेळी जुने कागद त्या आजही मागतातच, आभा असो वा नसो. फरक एवढाच की संमतीच्या विनंतीत हेतू वाचा: उपचार आणि विमा हे वेगळे हेतू आहेत. एका क्लेमसाठी जन्मापासूनच्या नोंदी उघडू नका, त्या आजारापुरत्या तारखा द्या. आणि प्रस्ताव भरताना आजार लपवू नका. सलग पाच वर्षं पॉलिसी चालू असेल तर त्यानंतर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय जुना आजार सांगितला नाही या कारणाने क्लेम नाकारता येत नाही. ही मुदत पूर्वी आठ वर्षांची होती, २०२४ मध्ये पाचवर आली.

ऐरोली_नोड

पारसिक यांच्या भीतीवर एका देशाने काढलेला तोडगा सांगतो. एस्टोनियात प्रत्येक नागरिक पोर्टलवर जाऊन आपली फाइल कोणत्या डॉक्टरने, कधी उघडली ते बघू शकतो. हवं तर नोंद बंद करू शकतो. उगाच डोकावणाऱ्याला जाब द्यावा लागतो. तिथे ब्लॉकचेनसारखं, म्हणजे एकदा लिहिलेलं बदलता न येणाऱ्या नोंदींच्या साखळीचं, तंत्र वापरतात, पण रिपोर्ट ठेवायला नाही, कोणी काय उघडलं याच्या नोंदवहीत मागाहून खाडाखोड होऊ नये म्हणून. आपल्याकडे ब्लॉकचेन म्हटलं की रिपोर्टच साखळीत टाकायची भाषा होते. साखळीतलं पुसता येत नाही, आणि कायद्याने पुसून मागण्याचा हक्क दिलाय. तेव्हा ते करूच नये.

आपल्या ॲपमध्ये कोणाला परवानगी दिली ते दिसतं. रुग्णालयाच्या आत ती फाइल रिसेप्शनवर उघडली की डॉक्टरने, हे रुग्णाला दिसत नाही. मला विचाराल तर आता सगळा जोर या मागणीवर लावायला हवा.

लॅबच्या_खिडकीतून

अगदी. आमच्याकडे सात जण एकच लॉगिन वापरतात.

कोपरीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांशी बोलले. त्यांच्या साध्या फोनमध्ये त्यांचं स्वतःचं सिम आहे, ओटीपीचा मेसेज तिथे येऊ शकतो. आभाचा नंबर तो करून घेणार. ॲप माझ्या फोनवर असेल, पण आकडा बाबा सांगतील तेव्हाच पुढे जाता येईल. त्यांनी लगेच विचारलं, "२०१९ चं ते हृदयाचं दाखवायचं का यांना?" डॉक्टरांना विचारून ठरवू म्हटलं. इतके दिवस हा प्रश्न मी एकटीच परस्पर सोडवत होते.

कोर्टनाका, ठाण्याच्या रुग्णालयात तोंडी विचारलं तर "जुनं रेकॉर्ड मिळत नाही" म्हणाले. लेखी काय द्यायचं?

कोर्टनाका

हे बाबांच्या सहीने द्या:

"मी आपल्या रुग्णालयात अमुक नोंदणी क्रमांकाने उपचार घेतले आहेत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेतील १.३.२ या विनियमानुसार माझ्या वैद्यकीय नोंदींच्या प्रती ७२ तासांत मिळाव्यात. सर्व क्रिएटिनिन, युरिया व लघवीच्या तपासण्यांचे रिपोर्ट आणि डिस्चार्ज समरी द्यावी. माझ्या नोंदीतील जुना मोबाइल क्रमांक काढून सोबत दिलेला क्रमांक लावावा व यापुढे माझी माहिती अन्य क्रमांकावर पाठवू नये. माझ्या नोंदी माझ्या आभा पत्त्याशी जोडाव्यात."

त्याच आचारसंहितेत दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं सांभाळायचं बंधन आहे, त्यामुळे त्याआधीच्या मिळतीलच असं नाही, तरी मागा. बऱ्याच रुग्णालयांकडे असतात. झेरॉक्सचा वाजवी खर्च द्या. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा.

वर्तकनगर_दवाखाना

सोनोग्राफी किंवा स्कॅन झाले असतील तर नुसता रिपोर्ट नको, सीडीतल्या मूळ प्रतिमा मागा. किडनीचा आकार जुन्या आणि नव्या प्रतिमांवर शेजारी ठेवून बघता येतो. आणि लॅबकडे वेगळा अर्ज करा, रक्ताचे आकडे रुग्णालयापेक्षा त्यांच्या संगणकात जास्त जुने सापडतात.